बाकी एकशे अठरा

अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आकड्यांत लिहिली तर नुसते सात एक, खांद्याला खांदा लावून उभे. या संख्येवर माझा दात आहे. माणसावर दात धरता येतो, संख्येवर कसा धरतात, असं नवरा विचारतो. त्याला सांगते, तू आमच्या सरांच्या क्लासला नव्हतास म्हणून तुला हा प्रश्न पडतो.

क्लास नेरुळला होता. खाली मेडिकल, वर दोन फ्लॅटची मधली भिंत पाडून केलेली लांबलचक खोली. फळ्याच्या वर, छताला लागून, हे सात एक निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले होते, एकेक हातभर उंचीचा. दर जूनला पहिल्या दिवशी सर नव्या मुलांना त्यांची गोष्ट सांगायचे. दोन एक म्हणजे अकरा, ती मूळ संख्या, तिला कुणी तोडू शकत नाही. तीन एकांना तीनने भाग जातो. चार एकांना अकराने जातो. पाच एक जरा चिवट, पण एक्केचाळीस त्यांना तोडतो. सहा एकांची तर धूळधाण: तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, जो येईल तो तोडून जातो. एवढं झालं की सर छडी उंच करून भिंतीवर टेकवायचे आणि म्हणायचे, हे सात मात्र आजवर कुणाला तुटलेले नाहीत, तुम्हीही असे व्हा.

मग ते सात एकांचा वर्ग करून दाखवायचे. उत्तर येतं १२३४५६७६५४३२१. एकापासून सातापर्यंत चढायचं आणि पायरी पायरीने खाली उतरायचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू, मीही त्या संख्येच्या प्रेमात पडले होते. घरी जाऊन आईच्या पिठाच्या डब्यावर बोटाने सात एक काढले होते.

उशिरा येणाऱ्याला सर ‘भाग’ द्यायचे. म्हणजे एक मूळ संख्या सांगायची आणि तिने सात एकांना भागायचं, कागदावर, हाताने. कॅल्क्युलेटर त्या खोलीत कुणी नावानेही काढत नसे. भाग झाला की उभं राहून बाकी मोठ्याने सांगायची, सगळ्या वर्गाने मिळून एकच टाळी वाजवायची आणि शिक्षा संपली. कुठल्या मूळ संख्या होऊन गेल्या आणि पुढची कुठली, हे सरांच्या डोक्यात असायचं. बाक्या मात्र कुणीच लक्षात ठेवत नसे. सरच म्हणायचे, बाकी विसरून जा, ती शून्य नाही एवढं पुरे. ज्याची बाकी शून्य येईल तो चोर. त्याने कंटाळून आकडे जुळवले, भाग केलाच नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जायचा आणि आम्ही सगळे माना डोलवायचो.

सरांचं म्हणणं असं की कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात हॉस्टेलवर बसून त्यांनी हजार चोपन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या स्वतः तपासल्या होत्या. त्यापुढे जायची गरज नसते, कारण हजार पंचावन्नचा वर्गच सात एकांपेक्षा मोठा होतो. तपासल्या असतील. एखाद्या ठिकाणी हातचा चुकला असेल. भागाकारात कुणीही चुकतं. त्या चुकीसाठी मी त्यांच्यावर राग धरलेला नाही. माझ्याकडे त्याहून चांगली कारणं आहेत.

मी करावे गावातली. बाबा खाडीत होडी घेऊन जायचा, आणि तो परत आला की आई आणि मी बंदरावर जाऊन मासळी निवडायचो. कोलंबी वेगळी, बोईट वेगळे, चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधायच्या. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे माझं क्लासला पोचणंही सरकायचं. काही दिवस मी सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेली असायचे, आणि काही दिवस रोज उशीर. एकदा सरांना हे समजावून सांगायला गेले. सर म्हणाले, भरती-ओहोटी भूगोलात, इथे गणित. सगळे हसले. पुढे कधी तरी त्यांनी मला फळ्याशी बोलावलं आणि खडू माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला, कारण माझ्या हाताला वास येतो. तुम्हा गाववाल्यांना जमिनींच्या बदल्यात सरकारने प्लॉट दिलेत, तुम्हाला गणित हवंय कशाला, हेही त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांना अजून अहो-जाहो करते, तोंडाला वळण पडलंय. मनात काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

आणि एका दुपारी, मी नववीत असताना, माझ्या वाट्याला दोनशे एकोणचाळीस आला.

भाग साधा आहे. अकराशे अकरात दोनशे एकोणचाळीस चार वेळा जातो, उरतात एकशे पंचावन्न. वरचा एक खाली घ्यायचा, पंधराशे एक्कावन्न, सहा वेळा, उरतात एकशे सतरा. पुन्हा एक खाली, पुन्हा चार वेळा, उरतात दोनशे पंधरा. शेवटचा एक खाली घेतला, दोन हजार एकशे एक्कावन्न. आणि दोनशे एकोणचाळीस गुणिले नऊ म्हणजे बरोबर दोन हजार एकशे एक्कावन्न. खाली काही उरलं नाही.

मी कागद उलटून पुन्हा पहिल्यापासून भाग केला. तेच आलं. उत्तर चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. मला तेव्हा भीती वाटली नव्हती, उलट आनंद झाला होता, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मला वाटलं, सर खूश होतील. इतकी वर्षं कुणाला न तुटलेली संख्या त्यांच्याच वर्गात तुटली. मी उभी राहिले आणि म्हणाले, बाकी शून्य.

टाळी वाजली नाही. सरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर ही सगळी गोष्ट तिथेच संपली असती. ते म्हणाले, “चोरी करायची तर निदान पचेल अशी करावी.” मला बाहेरच्या पॅसेजमध्ये उभं राहून पुन्हा भाग करायला लावला. पुन्हा शून्य आलं. मग त्यांनी सांगितलं, घरी जा, आणि खरी बाकी घेऊन ये, त्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही.

घरी मी बाबाला कागद दाखवला. बाबाला भागाकार येत नव्हता, मान्य. पण तो मला तर ओळखत होता. त्याने कागद उलटसुलट केला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की तू खरंच हिशेब केलास का, का उगाच लिहिलंस. मी केला म्हटलं. मग म्हणाला, “शिकलेली मानसं हाईत ती. ती कशाला खोटं बोलतील?”

अमावस्या जवळ आली होती. त्या दिवसांत चिंबोऱ्या भरलेल्या असतात, आणि बाबाने त्या दिवशी पकडलेल्यांतल्या सगळ्यात मोठ्या बाजूला काढल्या. नांग्या सुतळीने बांधल्या, टोपलीवर ओलं गोणपाट टाकलं आणि मला घेऊन सरांच्या घरी गेला. सर दारातच उभे राहिले. बाबा हात जोडून म्हणाला की पोरीला पदरात घ्या. सरांनी आत त्यांच्या बायकोला हाक मारली, बाईंनी टोपली आत नेली. सर म्हणाले, “बघू.” एवढंच. आम्हाला आत या म्हणाले नाहीत.

परत येताना बाबा माझ्यापुढे चालत होता. घराजवळ आल्यावर थांबला आणि म्हणाला, “त्यांना बाकी पायजे ना? मंग दे एक बाकी नि सुट यातनं.”

आमच्या घरासमोर विजेचा खांब होता. त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर लिहिलेला होता, ११८. बाकी दोनशे एकोणचाळीसपेक्षा लहान असायला हवी, एवढंच मला पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, बाकी एकशे अठरा.

सरांनी मान हलवली. वर्गाने टाळी वाजवली. कागद तेव्हाही कुणी मागितला नाही. शून्य खरं होतं तेव्हा मी चोर ठरले आणि एकशे अठरा खोटे होते तेव्हा मला टाळी मिळाली. त्यानंतर सर सगळ्यांसमोर म्हणाले की हिने आज स्वतःच्या तोंडाने चोरी कबूल केली आहे. पहिल्या बॅचमधून काढून त्यांनी मला मागच्या बॅचला बसवलं, जिथे फक्त पास होण्यापुरतं शिकवायचे, भागबिग काही नसे. चिंबोऱ्या खाऊन झाल्या होत्या.

दहावीनंतर बाबा त्यांचा सल्ला विचारायला गेला, आणि सरांनी सांगितलं की हिला गणित झेपणार नाही, उगाच सायन्सला घालू नका. मी कॉमर्सला जाणार नाही म्हणून अडून बसले, बाबा सायन्सला पाठवणार नाही म्हणून अडून बसला, आणि माझं एक अख्खं वर्ष बंदरावर कोलंबी सोलण्यात गेलं. त्या वर्षात मावसभावाने एक कॅल्क्युलेटर आणला होता, उन्हावर चालणारा. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास केलं, बरोबरची खूण दाबली आणि पडद्यावर सात एक येऊन उभे राहिले. मी भावाला काही सांगितलं नाही. बाबालाही दाखवलं नाही. दाखवायचं तर एकदाच, सगळ्यांसमोर, सर फळ्यापाशी आणि बाबा पहिल्या रांगेत असताना, हे मी तिथेच ठरवलं. मला एकच शब्द हवा होता, आणि तो सरांच्याच तोंडून ऐकायचा होता. शून्य.

पुढच्या वर्षी भांडून सायन्सला गेले. गणित घेऊन बीएस्सी, एमएस्सी केलं. आता माझा स्वतःचा क्लास आहे. जागा शोधत होते तेव्हा एजंटने सीवूड्सला, सानपाड्याला चांगल्या हवेशीर जागा दाखवल्या. मी नेरुळमधली ही कोंदट जागा घेतली, कारण हिच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा सरांचा बोर्ड दिसतो. त्या बोर्डावर सात एक आहेत. त्यांच्या मुलांच्या टी-शर्टवर सात एक आहेत. सुरुवातीला त्यांच्याकडची दोन-तीन मुलं माझ्याकडे आली, मग घणसोलीच्या गावठाणातली आली, करावेची तर सगळीच आली. दरवर्षी त्यांची एक बॅच कमी व्हायची आणि मी खिडकीत उभी राहून चहा प्यायचे. चहा फार छान लागायचा.

मात्र ती संख्या मी माझ्या मुलांपुढे कधी काढली नाही. काढली असती तर एका संध्याकाळीच रस्ता ओलांडून पलीकडे गेली असती, मुलांनी थट्टा केली असती आणि सरांनी बोर्ड बदलून टाकला असता. एवढ्या स्वस्तात मला त्यांना सोडायचं नव्हतं. दरवर्षी मला धाकधूक असायची की पलीकडचं एखादं चलाख पोर माझ्याआधी ती तोडणार. मोबाइलवर क्षणात तुटते ती. पण जे टी-शर्टवर छापलेलं असतं ते कुणी तपासत नाही. मी नशीबवान.

गेल्या वर्षी सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली. माजी विद्यार्थ्यांनी सत्काराचा घाट घातला. त्यातला मुख्य माणूस माझ्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्या क्लासला होता, आता ऐरोलीला एका कंपनीत मोठा साहेब आहे. त्याने मला फोन करून विचारलं की मॅडम, तुम्हीही याच क्षेत्रातल्या, काही हलकाफुलका कार्यक्रम सुचवा. मी आधीच तयारीत होते. म्हटलं, सरांकडून एक भाग करून घ्या. प्रेक्षकांतून कुणीतरी मूळ संख्या द्यायची, सरांनी बोर्डवर भागायचं आणि बाकी सांगायची, मग सगळ्यांनी टाळी. जुन्या बॅचवाल्यांना आवडेल. त्याला कल्पना एकदम पसंत पडली. फक्त म्हणाला, “आमच्या वेळी भाग नव्हते हां मॅडम. आम्हाला सर उठाबशा काढायला लावायचे. भागाचं नुसतं ऐकलंय.” मला वाटलं, कंटाळले असतील. संख्या मी देणार, हे तेव्हाच पक्कं करून घेतलं.

बाबाला मी सांगितलं की सरांचा सत्कार आहे, तुला यायचंय. तो आता खाडीत जात नाही, गुडघे धरलेत, आई गेल्यापासून जास्तच. त्याने विचारलं, मी कशाला. मी म्हटलं, चल. त्याच्यासाठी नवा पांढरा शर्ट आणला आणि त्याला इस्त्री करून दिली.

हॉल सानपाड्याला होता. स्टेजवर मागे झेंडूच्या फुलांचे सात एक. बाबाला मी पहिल्या रांगेत, अगदी मधे बसवलं. शाल, नारळ, भाषणं झाली. प्रत्येक जण त्या संख्येवरून काहीतरी चांगलं बोलला: एकजूट, निष्ठा, न तुटण्याचा बाणा. मी सगळ्यांना टाळ्या वाजवल्या. मग साहेबाने भागाची घोषणा केली, जुन्या लोकांत हशा पिकला, व्हाइटबोर्ड पुढे ढकलला गेला. सर उठले. पाठ वाकलीय, पण मार्कर धरायची पद्धत तीच. साहेबाने माइक माझ्याकडे दिला.

मी म्हटलं, “दोनशे एकोणचाळीस, सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मला हसू आवरतच नव्हतं. ते बोर्डकडे वळले, सात एक लिहिले, आणि सावकाश भागायला लागले. चार. एकशे पंचावन्न. सहा. एकशे सतरा. चार. दोनशे पंधरा. मी मनात त्यांच्यापुढे एक पायरी होते. त्यांनी शेवटचा एक खाली घेतला, दोन हजार एकशे एक्कावन्न लिहिले, आणि थांबले. नऊ लिहिला नाही. मार्करला टोपण लावलं, सभागृहाकडे तोंड केलं, आणि माइकवर म्हणाले, “बाकी एकशे अठरा.”

जुन्या सवयीने हॉलमध्ये टाळी पडली. ते कबूल करतील, चिडतील, चक्कर आली म्हणून खाली बसतील, हे सगळं मी इतकी वर्षं मनात रंगवलं होतं. हे नव्हतं रंगवलं. एकशे अठरा हा आमच्या घरासमोरच्या खांबाचा नंबर. शेकडो मुलांच्या शेकडो बाक्यांपैकी ही एकच बाकी त्यांना पाठ कशी? आणि मग उमगलं. त्यांनी माझ्यामागे तो भाग करून पाहिला होता. त्यांना शून्य मिळालं होतं. म्हणूनच माझं खोटं त्यांच्या लक्षात राहिलं होतं, आणि म्हणूनच माझ्यानंतर कुणाला भाग दिला गेला नाही. पुढच्या कुणाच्या हाती पुन्हा दोनशे एकोणचाळीस लागू नये म्हणून. सरांना कळत नव्हतं असं मी समजत होते, आणि त्यांना सगळं माहीत होतं. दहावीनंतर बाबा सल्ला विचारायला गेला तेव्हाही माहीत होतं.

इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. मी माइक सोडला नव्हता. विचारलं, “सर, एकशे अठरा कुठून आले?”

“तूच दिली होतीस,” ते म्हणाले.

“आणि बोर्डवर काय येतंय?”

मागे कुणीतरी मोबाइल काढला असणार, कुजबुज सुरू झाली. सरांनी टोपण काढलं. नऊ लिहिला. खाली पुन्हा दोन हजार एकशे एक्कावन्न लिहिले आणि रेघ मारली. मी म्हटलं, मोठ्याने सांगायची पद्धत आहे, सर.

“शून्य,” सर म्हणाले.

टाळी वाजली नाही. मी खाली बसले. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला भर सत्कारात असं करायला नको होतं. बऱ्याच जणांनी ग्रुपवर तसं लिहिलंही. लिहोत. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं सांगणाऱ्यांनी तो नीट घेतलेला नसतो. बटाटेवड्याची प्लेट हातात घेऊन उभी होते तेव्हा सर माझ्याजवळ आले. म्हणाले, तुला मागच्या बॅचला बसवलं त्याच आठवड्यात भाग केला होता मी. मी विचारलं, मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, “तू बाकी सांगितलीस ना. विषय मिटला होता.” मी त्यांच्याकडे पाठ करून वडा खाल्ला. गरम होता, चटणीही चांगली होती.

बाबा पहिल्या रांगेत तसाच बसून होता. खुर्च्या उचलायला माणसं आली तरी उठला नाही. मी त्याला रिक्षात घातलं. जुईनगर गेलं, नेरुळ गेलं, तो बाहेर बघत राहिला. गावाच्या कमानीशी आल्यावर म्हणाला, “शून्यच व्हता त.”

“हां, बाबा.”

“मंग तुना खोटा बोलाला मीच लावला.”

“हां.”

त्याने गुडघ्यावरचा शर्टाचा काठ बोटांनी सारखा केला. मग विचारलं, “यासाठीच मना आनलंस?”

मी हो म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून काही बोलता आलं असतं, तेव्हा तुला काय माहीत होतं, तू माझ्या भल्यासाठीच केलंस, असं काहीतरी. ते मी बोलले नाही. चोर म्हणणारे सर परके होते. कागद बघूनही विश्वास न ठेवणारा माझा बाप होता. सरांवरचा सूड एका शब्दात उगवला. याच्यावरचा कसा उगवायचा हे मला त्या रिक्षात बसूनही ठरवता येत नव्हतं. त्याला दाराशी सोडलं आणि परत फिरले. समोरचा खांब आता लोखंडी आहे, नंबर कुणीतरी दुसराच घातलाय.

चार-पाच दिवसांनी आमच्या वॉचमनने खालून फोन केला की तुमचे वडील आलेत. बाबा कधी एकटा येत नाही. दार उघडलं तर हातात टोपली. वर ओलं गोणपाट, पँट मांड्यांपर्यंत भिजलेली, पायाला चिखल. पुतण्याची होडी मागून घेऊन तो स्वतः खाडीत उतरला होता. अमावस्या होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याने गोणपाट बाजूला करून दाखवलं. मोठाल्या चिंबोऱ्या, नांग्या सुतळीने आवळलेल्या, तशाच त्याच्या दुहेरी गाठीने.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी टोपली घेतली. “बघू,” म्हणाले, आणि ती आत नेऊन ठेवली.